अधिक दिवस

विल्मिंग्टनमध्ये, ब्रँडीवाइनच्या पुलापासून तीन चौक अलीकडे,
सातव्या मजल्यावरच्या खोलीत मी
यंत्रांच्या मरणतिथी काढते.
खिडकीतून नदी दिसत नाही. पार्किंगचं छप्पर दिसतं
आणि त्यावर अंग चोरून बसलेले सीगल.

फोन एल्मर व्हॅन्डेग्रिफ्टचा. वय एक्क्याऐंशी.
दम्याच्या पंपातला एक व्हॉल्व्ह त्याचा,
मसुराच्या दाण्याएवढा.
नाव त्याचं, मालकी कंपनीची.
दरवर्षी थंडी पडली की विचारतो,
"माझा व्हॉल्व्ह कधी सुटणार?"

थांबा, म्हणते. फाइल उघडते.
पहिला अर्ज चौदा मार्च, दोन हजार पाच.
तो तात्पुरता, तो धरायचा नाही.
त्याने नुसती जागा अडवली,
सीटवर रुमाल टाकावा तशी.
पोटातले महिने कुणी वयात मोजत नाही.
खरा जन्म तेरा मार्च, सहा.
तिथून वीस वर्षं, मंजुरी कधीही मिळो.
सरकारी टेबलावर पाच वर्षं पडून राहिला
तरी वात पहिल्या दिवसापासूनच जळत असते.

"म्हणजे सव्वीसचा मार्च?"
नाही, एल्मर. वर अधिक मास आहे.
कार्यालयाने वेळेत उत्तरं दिली नाहीत,
त्याचे चारशे चौदा दिवस परत दिलेत,
तुमच्या वकिलाने लावलेला उशीर कापून घेऊन.
परत दिलेत.
मोजून.
हा आकडा वाचताना मी दरवेळी जरा थांबते.

"आणि ती दुसरी?"
दुसरी म्हणजे लेक. बाराच्या ऑगस्टात दाखल झालेली.
दावे नवे, पण वर्णन आईचंच,
गोत्र आईचं, वयही आईचंच.
जन्मली तेव्हाच सहा वर्षांची होती.
तिला स्वतःचे सहाशे दोन दिवस मिळाले होते,
पण कुणीतरी लिहून दिलं की
ही आईपेक्षा एक दिवसही जास्त जगणार नाही,
आणि दोघी कायम एकाच घरात राहतील.
खालची सही लागत नाही.

हप्तेही बघावे लागतात. साडेतीन वर्षं, साडेसात, साडेअकरा.
एक बुडाला की वीस वर्षं कागदावरच.
कंपनीने तिन्ही भरलेत, शेवटचा दंडासकट.

तर, एक मे, दोन हजार सत्तावीस. शनिवार.
आमच्याकडे त्या दिवशी सुट्टी असते,
हे मी त्याला सांगत नाही.
"शनिवार? मग सोमवारवर जाईल ना?"
पैसे भरायचे असते तर गेलं असतं.
संपायला कार्यालय उघडं लागत नाही.

तो हसतो, मग खोकतो, बराच वेळ.
माझ्या कानात त्याचाच पंप फुसकन वाजतो.
"मग कुणीही बनवेल," म्हणतो, "स्वस्त होईल.
माझ्याच व्हॉल्व्हचे एकशे चाळीस डॉलर मोजतो मी.
तोवर असेन ना मी?"
त्याला कलम नाही.
लिहून घ्या, म्हणते, एक मे.

संध्याकाळी त्याच पिवळ्या पॅडवर दुसरा हिशेब.
आमच्या ग्रीन कार्डालाही प्रायॉरिटी डेट आहे, तेराची.
शब्द तोच, इमारत वेगळी.
ऋता माझ्या अर्जात आहे. नोव्हेंबरात एकवीस.
एकवीस झाली की कायद्याला ती माझं मूल राहत नाही.
इथेही थोडे दिवस परत देतात,
अर्ज टेबलावर पडून राहिला तेवढे
वयातून वजा. एकशे नव्वद.
मी बोटांवर महिने पुढे सरकवते.
येऊन थांबते ती मे महिन्यात.
रांग तोवर सरकली तर.

फोन वाजतो. ऋता. येताना दूध आणशील का?
आणते, म्हणते.
आकड्याखाली दोन रेघा ओढते,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेते.
मघाशी फेब्रुवारी किती दिवसांचा धरला होता,
आठवत नाही.